दहा सह्यांचा अर्ज

अंगाने तो अगदी साधा. प्रांताच्या किंवा तहसीलदाराच्या कचेरीत मागाल तेव्हा मिळणारा, छापील रकान्यांचा, थोड्या पानांचा कागद. सरकारी भाषेत त्याचं नाव नमुना २ब. लोकसभेचा असेल तर २अ. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे सरकारी दप्तरात आता अहिल्यानगर, त्याला या नावाने कुणी ओळखत नाही. ‘भरला का?’, ‘राहिला का?’, ‘काढला का?’ एवढ्या तीन प्रश्नांत त्याचं सगळं आयुष्य बोलून होतं. भरला म्हणजे साहेब नाराज आहेत. राहिला म्हणजे साहेब कुणाचं ऐकत नाहीत. काढला म्हणजे मिटलं.

आतून त्याचे दोन भाग. पहिला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारासाठी. तिथे एका सूचकाची सही पुरते. दुसरा बाकीच्यांसाठी, आणि तिथे एक तक्ता आखलेला असतो: मतदार यादीचा भाग क्रमांक, त्या भागातला अनुक्रमांक, पूर्ण नाव, सही, तारीख. अशा दहा ओळी. दहाही माणसं त्याच मतदारसंघातली मतदार हवीत. एकाचं नाव शेजारच्या मतदारसंघात निघालं तरी छाननीच्या टेबलावर अर्ज बाद. सूचक अंगठा उठवणारा असेल तर त्याने अधिकाऱ्यासमोर उभं राहून अंगठा द्यायचा. अपक्ष अर्जाचा जीव या दहा ओळींत असतो. उमेदवाराचं नाव पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात येतं, फोटो येतो, शपथपत्रात जमीन, सोनं, गाड्या, ठेवी, कर्जं सगळं येतं; पण तो अर्ज ज्यांच्या जोरावर उभा राहतो ती दहा माणसं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मला आधी तीच दिसतात.

एकेकाळी अपक्ष अर्जालाही एकच सही लागायची, आणि विधानसभेची अनामत होती अडीचशे रुपये. १९९६ला तमिळनाडूतल्या मोडकुरिची या एका मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी कायदा बदलला, अपक्षाला दहा सूचक लागू लागले आणि अनामत वाढली. आज ती विधानसभेला दहा हजार आणि लोकसभेला पंचवीस हजार आहे. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त. या बदलाने हौशी उमेदवार कमी झाले. गावातला मास्तर, पाण्यासाठी उपोषणाला बसणारा कार्यकर्ता, कुठल्याच पक्षाला नको असलेली बाई, यांची वाट मात्र तेवढी अवघड झाली. आणि ज्याच्या घरी साखर कारखाना आहे, त्याला दहा हजार रुपयांनी आणि दहा सह्यांनी काय अडणार? त्याच्या एका गटऑफिसात बसल्या जागी शंभर सह्या मिळतात.

अर्ज आखला होता एकट्या माणसासाठी. आमच्या जिल्ह्यात तो राहायला गेला कारखान्यावर.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून या जिल्ह्याचा नकाशा कारखान्यांनी काढला आहे. कोपरगावला काळे आणि कोल्हे, संगमनेरला थोरात, सोनईला गडाखांचा मुळा, भेंड्याला घुल्यांचा ज्ञानेश्वर, पाथर्डीला राजळ्यांचा वृद्धेश्वर, बोधेगावला ढाकण्यांचा केदारेश्वर, श्रीगोंद्याला नागवडे आणि जगतापांचा कुकडी. कारखान्यामागोमाग पतसंस्था आली, दूध संघ आला, कॉलेज आलं, बाजार समिती आली. शेतकऱ्याच्या घामातून हे उभं राहिलं आणि त्यातून जिल्हा सुधारला, हे मी कधी नाकारणार नाही. पण हा सगळा पसारा राखायला आमदारकी लागते. कर्जाला सरकारची थकहमी लागते, कालव्याचं आवर्तन आपल्या पट्ट्यात वेळेवर यावं लागतं. तिकीट दुसऱ्याला गेलं तर पाच वर्षं गप्प बसणं या घराण्यांना परवडत नाही. त्या न परवडण्यातून हा अर्ज जन्माला येतो.

त्याचा मूळपुरुष म्हणावा असा अर्ज १९९१चा. कोपरगावातून वर्षानुवर्षं लोकसभेवर जाणारे बाळासाहेब विखे पाटील त्या वर्षी नगरमधून अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे यशवंतराव गडाख. एका बाजूला लोणीचा प्रवरा कारखाना, दुसऱ्या बाजूला मुळा. गडाख जिंकले आणि भांडण मतपेटीतून कोर्टात गेलं. प्रचारसभांतून विख्यांवर झालेले पैशांच्या व्यवहाराचे आरोप चारित्र्यहननात मोडतात, असं ठरवून उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द केली, आणि नोव्हेंबर १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. १९९४ला पोटनिवडणूक होऊन काँग्रेसचे मारुती शेळके खासदार झाले. म्हणजे ज्या दोघांसाठी जिल्हा उभा फाटला, त्या दोघांपैकी कुणीच त्या जागेवर टिकला नाही. गावागावांत मात्र ‘विखे’ आणि ‘गडाख’ अशा पार्ट्या पडल्या त्या पडल्याच. १९९५ला राज्यात ४५ अपक्ष आमदार निवडून आले, त्यातले बरेच काँग्रेसचे बंडखोर. त्यांच्या पाठिंब्यावर युतीचं पहिलं सरकार बसलं. अर्जाला आपली ताकद तेव्हा पुरती कळली.

पण नगरी अर्जाची खरी ताकद निवडून येण्यात कधीच नव्हती. २००९ची लोकसभा बघा. भाजपचे दिलीप गांधी ३,१२,०४७, राष्ट्रवादीचे शिवाजी कर्डिले २,६५,३१६, आणि तिसरे अपक्ष राजीव राजळे, १,५२,७९५. जिंकण्या-हरण्यात अंतर ४६,७३१चं. अपक्षाची मतं त्याच्या तिप्पट. राजळे तरुण होते, वाचणारे होते, पाथर्डीचे आमदार राहिलेले होते. त्यांच्यावर मनापासून जीव टाकणारी पोरं तेव्हा पाथर्डी-शेवगावात होती. त्या दीड लाखांतल्या कित्येकांनी ते मत रागाने दिलं नाही, आशेने दिलं. म्हणून ‘मतं खाल्ली’ हा शब्द मला अशा ठिकाणी टोचतो. मत देणाऱ्याने कुणाचंही काही खाल्लेलं नसतं. त्याच्या समोर जे ठेवलं त्यातून त्याने निवडलं.

कोपरगावची २०१९ची गोष्ट वेगळी. राष्ट्रवादीचे आशुतोष काळे ८७,५६६, भाजपच्या आमदार स्नेहलता कोल्हे ८६,७४४. फरक ८२२ मतांचा. या दोन कारखान्यांच्या मधे एक अपक्ष अर्ज होता राजेश परजणेंचा: गोदावरी दूध संघाचे अध्यक्ष, लोणीच्या विख्यांचे सोयरे. त्यांची मतं पंधरा हजारांच्या वर. बांध कोरणारा कधी अख्खं रान मागत नाही, त्याला दोन तासं पुरतात. विखे तेव्हा भाजपमध्येच होते, आणि जिल्ह्यातल्या पराभूत भाजप उमेदवारांनी पक्षाकडे त्यांची तक्रार केली. तक्रारीचं काय झालं ते पक्ष जाणे. पण जून २०२३मध्ये राहात्याच्या गणेश कारखान्याच्या निवडणुकीत कोल्हे आणि थोरात एकत्र आले आणि विख्यांचं पॅनल पडलं. ८२२ मतांचा हिशेब असा उसाच्या रानातून वसूल होतो. आमच्याकडे याला जिरवाजिरवी म्हणतात. एकाने दुसऱ्याची जिरवायची, दुसऱ्याने संधी बघून पहिल्याची. यात अर्ज हा नुसतं हत्यार होतो; त्याला विजयाची अपेक्षाही उरत नाही.

मग आली २०२४ची विधानसभा. दोन्ही बाजूंना तीन-तीन पक्षांची आघाडी, आणि तालुक्यात एका जागेवर दावा सांगणारी दोन-तीन घराणी. जागा एका पक्षाला सुटली की उरलेल्यांच्या हातात दुसरं काय येणार? नगर जिल्ह्यात अर्जांना पीक आलं. अर्ज भरायची शेवटची तारीख होती २९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी.

श्रीगोंद्यात माजी आमदार राहुल जगताप शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून इच्छुक होते. जागा ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली आणि उमेदवारी अनुराधा नागवडेंना मिळाली. जगतापांनी अपक्ष अर्ज भरला. भाजपने आधी जाहीर केलेलं नाव प्रतिभा पाचपुतेंचं, नंतर एबी फॉर्म आला मुलाच्या, विक्रम पाचपुतेंच्या नावावर. निकाल असा लागला: पाचपुते ९९,८२०, जगताप ६२,६६४, नागवडे ५४,१५१. पहिला उमेदवार ३७,१५६ मतांनी निवडून आला आणि दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज त्याच्यापेक्षा सुमारे सतरा हजारांनी जास्त. ही बेरीज करून ‘नाहीतर जिंकलोच होतो’ म्हणणारे मी खूप ऐकले. ती बेरीज खरी नसते. जगतापांना मत देणारा प्रत्येक जण जगताप नसते तर नागवड्यांनाच मत देता, असं कोण छातीवर हात ठेवून सांगेल? कुकडीचा सभासद आणि नागवडे कारखान्याचा सभासद यांच्यात दोन पिढ्यांचं अंतर आहे. पण त्या तालुक्यात पाचपुत्यांना नको म्हणणारे निम्म्याहून जास्त होते आणि त्यांचं म्हणणं कुठल्याच एका नावात मावलं नाही, एवढं आकडे नक्की सांगतात.

शेवगाव-पाथर्डीत तर तिघांच्या पाठीशी तीन कारखाने. भाजपच्या मोनिका राजळे ९९,७७५, शरद पवार गटाचे प्रताप ढाकणे ८०,७३२, अपक्ष चंद्रशेखर घुले ५७,९८८. अंतर १९,०४३. घुल्यांनी कुणाच्या पारड्यातून उचललं यावर शेवगावच्या चहाच्या टपऱ्यांवर आजही एकमत नाही, आणि ते होणारही नाही. अकोले तालुक्यात वैभव पिचडांचा अपक्ष अर्ज ३२,७८३ मतं घेऊन गेला. तिथे पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर होतं ५,५५६. पारनेरला निकाल १,५२६ मतांनी फिरला, आणि पिपाणी चिन्हावरच्या उमेदवाराला त्याहून जास्त मतं पडली होती. पण ती कहाणी चिन्हाच्या सारखेपणाची, घराण्याची नव्हे.

या अर्जाचं सगळ्यात खरं रूप दिसतं ते माघारीच्या दिवशी. २०२४ला ती तारीख होती ४ नोव्हेंबर, भाऊबिजेचा दुसरा दिवस. वेळ दुपारी तीनपर्यंत. कचेरीच्या आवारात सकाळपासून पांढऱ्या गाड्या. फराळाचे डबे अजून गाडीतच. उमेदवाराचा फोन कालपासून बंद, पण ड्रायव्हरचा चालू. आणि मुंबईचे निरोप त्या ड्रायव्हरच्या फोनवर. कुणी म्हणतं महामंडळ मिळतंय, कुणी म्हणतं पुढची विधान परिषद. आत निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर नमुना ५ची कोरी प्रत, एका पानाची. त्यावर उमेदवाराची एक सही झाली की संपलं. ती माघार पुन्हा मागे घेता येत नाही. उमेदवाराने लेखी अधिकार दिला तर सूचकही ती आणून देऊ शकतो. अडीच वाजतात, पावणेतीन वाजतात. आवारात उभी असलेली माणसं घड्याळाकडे बघत नाहीत, फाटकाकडे बघतात.

त्या गर्दीत कडेला उभी असतात ती दहा माणसं. कुणी सोसायटीचा चेअरमन, कुणी कारखान्याचा जुना सभासद, कुणी पंचायत समितीला पडलेला, कुणी नुसता साहेबांचा माणूस. सहा दिवसांपूर्वी त्यांनी आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक घालून सही केली, आणि त्या क्षणी तालुक्यातल्या दुसऱ्या घराण्याशी त्यांचं उघड वैर झालं. साहेबांनी तीन वाजायच्या आत माघार घेतली तर साहेबांना पद मिळेल, निदान शब्द तरी मिळेल. संध्याकाळी दोन्ही साहेब एका व्यासपीठावर हार घालून घेतील. या दहा जणांनी केलेली सही मागे घ्यायला कुठलाच नमुना नाही. गावात त्यांची ओळख पुढची पाच वर्षं तीच.

आणि अर्ज राहिला तर? त्याला चिन्ह मिळतं, मतदान यंत्रावर पक्षांच्या नावांखाली जागा मिळते, आणि मतदानाच्या आधी जेमतेम दोन आठवडे हातात उरतात. एवढ्यात घराघरात नवं चिन्ह पोचवणं एकट्या माणसाला अशक्य. कारखान्याला शक्य आहे. विधानसभेला खर्चाची मर्यादा चाळीस लाखांची. पण वर्षानुवर्षं वस्तीवर येणारा ओळखीचा चिटबॉय, गटऑफिसातला फोन, तोडणीचा मुकादम, कॉलेजात लागलेला मुलगा, यांची किंमत खर्चाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायची?

हाच अर्ज विधान परिषदेत गेला की त्याचा स्वभाव पालटतो. जानेवारी २०२३मध्ये नाशिक पदवीधर मतदारसंघात, ज्यात नगरही येतं, काँग्रेसची उमेदवारी जाहीर झालेल्या सुधीर तांब्यांनी अर्जच भरला नाही आणि मुलगा सत्यजित अपक्ष उभा राहिला. त्याला ६८,९९९ मतं पडली, शुभांगी पाटलांना ३९,५३४. पुढच्या वर्षी शिक्षक मतदारसंघात कोपरगावचे विवेक कोल्हे अपक्ष उभे राहिले आणि हरले. पण त्या निवडणुकांत मतदार नावांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे लिहितो. पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला तरी मत पुढच्या पसंतीकडे सरकतं, वाया जात नाही. तिथे बंडखोराला मत देताना ‘आपण नको त्याला निवडून तर देत नाही ना’ ही धास्ती मनात बरीच कमी असते. पदवीधराला आणि मास्तरला ही सोय आहे. ऊस लावणाऱ्याला नाही. त्याला एकच बटण.

आणि त्या ऊस लावणाऱ्याबद्दल बोलल्याशिवाय या अर्जाचं चित्र पुरं होत नाही. २०२४चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं होतं आणि मतदान होतं २० तारखेला. म्हणजे ज्या आठवड्यात दारात मतं मागायला माणसं येत होती, त्याच आठवड्यात आपल्या फडाला टोळी कधी मिळणार याची चिंता शेतकऱ्याला होती. उसाची नोंद एका कारखान्याकडे, मुलगी दुसऱ्याच्या कॉलेजात, कर्ज तिसऱ्याच्या पतसंस्थेचं, आणि तिघेही उमेदवार किंवा उमेदवाराचे सोयरे. ऊस बारा-चौदा महिन्यांचा झाला, त्याला तुरा आला, की दर आठवड्याला वजन घटतं. रान मोकळं झालं नाही तर गव्हाची पेर हुकते. टोळी मुद्दाम उशिरा पाठवली जाते असा आरोप मी कुणावर करत नाही. तशी भीती असणं पुरेसं आहे, आणि ती आहे. वस्तीवर बसून, दिवा मालवायच्या वेळी, ही भीती हळू आवाजात बोलली जाते.

मत गुप्त असतं हे त्या शेतकऱ्याला माहीत आहे. गाव गुप्त नसतं हेही माहीत आहे. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. हजार-बाराशे मतदारांचं एक केंद्र. कुठल्या वाडीने कुणाला किती दिलं ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गटऑफिसांत पाठ असतं. तीन घराण्यांतली लढत असेल तर तीन ठिकाणी. कागदी मतपत्रिकांच्या काळात गावोगावच्या पेट्या मिसळून मोजायची सोय आयोगाकडे होती. यंत्रं आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा पडला. चौदा यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं साधन वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८मध्येच सुचवलं; विधी आयोगाने २०१५च्या आपल्या २५५व्या अहवालात ते उचलून धरलं. ते अजून आलेलं नाही.

मला या अर्जावर बंदी नको आहे. त्याला आणखी सह्या, आणखी अनामत लावून काही साधणार नाही. त्याने फक्त उरलासुरला एकटा माणूस बाहेर जाईल आणि कारखाना आतच राहील. माझं म्हणणं त्या तक्त्यातल्या दहा ओळींबद्दल आणि केंद्रावरच्या हजार बटणांबद्दल आहे. केंद्रांचे आकडे मिसळून मोजले जावेत, आणि ते पुढच्या विधानसभेच्या आत व्हावं. तोवर उसाच्या पट्ट्यात कुणी सहीसाठी दारात आलं, तर आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक सांगण्याआधी शेतकऱ्याने त्याला बसवावं, पाणी द्यावं आणि सरळ विचारावं: साहेब, माघारीच्या दिवशी दुपारी तीन वाजता तुम्ही कुठे असाल?